काठीवर वाळलेला गणवेश

मला आजही एका जागी फार वेळ बसवत नाही. लग्नाच्या मांडवात गेले तरी कडेची खुर्ची बघते, बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधी हेरून ठेवते. घरातले हसतात. हसू देत. ही खोड मला आठवीत असताना लागली, बोईसरच्या शाळेत.

आमची वाडी तारापूरच्या बाजूला, अगदी समुद्रालगत. वडील होडीवर जायचे, आई मासळी सुकवून बाजारात विकायची. शाळेला जाताना एस.टी.त वीजकेंद्राच्या बांधकामावरचे कामगार हिंदीत मोठमोठ्याने गप्पा मारत असत आणि मी खिडकीशी, शाळा येऊच नये असं मनात म्हणत बसलेली असे. कारण मी वर्गात शिरले की मुली नाकाला रुमाल लावायच्या. एकदा तर सगळ्यांनी आपापली बाकं पुढे ओढून घेतली आणि मागे मी एकटी उरले. बाईंनी "काय चाललंय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता त्या फळ्याकडे वळल्या.

मला वाटायचं, या धादांत खोटं बोलतायत. घरी तर कुणालाच वास येत नव्हता. मी हात हुंगायची, वेणी हुंगायची, काही नाही. तरीही अंग घासून घासून सोलून काढलं, जेवणात मासळी बंद केली. आईच्या ते लक्षात आलंच. "येवडा तरास व्हतो तं सोड ती शाला," ती म्हणाली. "माज्यासंगती बाजारात चल." ती हे मायेने म्हणाली, म्हणूनच मला धास्ती वाटली. एखाद्या दिवशी मी हो म्हणून बसेन, आणि मला तर शिकायचं होतं.

मधल्या सुट्टीत मी मैदानाला नुसत्या फेऱ्या मारायची. थांबले की कुणीतरी काहीतरी बोलणार. मासवण गावची एक मुलगी मामाकडे राहून आमच्या वर्गात शिकत होती. तिच्या बोलण्याचीही नक्कल व्हायची. ती एकदा माझ्याबरोबर चालू लागली आणि सरळच म्हणाली, "वास येतो. पन तुला नाय, तुज्या कपड्यांना. कुठं सुकवतेस?"

बोंबील सुकवायच्या काठ्यांवर. दुसरीकडे कुठे घालणार? ऊन आणि वारा भरपूर तो तिथेच. बोंबील उतरले की त्याच बांबूंवर सगळ्या वाडीचे कपडे पडायचे, त्यात माझा गणवेशही. आमच्या नाकांना त्या वासाची इतकी सवय की त्याचा पत्ताच नव्हता. मला भयंकर लाज वाटली, पण जरा हायसंही वाटलं. निदान उपाय सापडला होता.

आईला सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी सांगितलं. ऐकताच उठून तिने घरामागे दोन ताडांना दोरी बांधली आणि गणवेश पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी त्या मासवणच्या मैत्रिणीने माझी बाही हुंगून पाहिली. "आता काय नाय," ती म्हणाली.

मी जवळजवळ पळतच वर्गात गेले. रुमाल वर झाले, रोजच्यासारखेच.

मी तशीच उभी राहिले. रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग संताप आला. इतके दिवस मी माझं अंग, आमचं जेवण, आईचे हात, सगळ्यांना दोष देत आले होते. यांना मीच नको होते. मग मी धुवायचं तरी काय? मी माझं बाक ढकलत ढकलत त्यांच्या बाकांना नेऊन भिडवलं. दुसरं टोक मैत्रिणीने धरलं होतं. रुमाल काही खाली आले नाहीत.

संध्याकाळी आई एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभी होती. एरवी कधी यायची नाही.

"गप झाल्या ना पोरी?" तिने विचारलं.

"झाल्या," मी म्हणाले. खरं सांगितलं असतं, तर तिने मला दुसऱ्याच दिवशी बाजारात नेलं असतं.