नामदेवच्या जागी

नामदेव गेल्याचं मला पाळी सुटताना गेटवर कळलं. कावीळ झाली होती हे ठाऊक होतं, पण पस्तिशीच्या आतला धडधाकट माणूस असा जाईल असं कुणाच्या मनात येतं? सायकल हातात धरून उभा राहिलो आणि पहिला विचार आला तो लाज वाटावी असाच होता... आता ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर माझ्यापेक्षा वरचढ कुणी उरलं नाही. महिना उलटला तरी तो विचार पाठ सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही दोघं वर्ध्याकडून एकाच गाडीनं दुर्गला उतरलो, तेव्हा भिलाईचा कारखाना म्हणजे खड्डे, क्रेन आणि लाल धूळ एवढंच होतं. कॅम्प-१ या कामगार वस्तीत एका खोलीत राहिलो. मी रेल्वेतल्या बापाचा मुलगा, मॅट्रिकला पहिला वर्ग. तो गिरणी कामगाराचा, दोनदा नापास झालेला. कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहत होता, म्हणून प्रत्येक रशियन तज्ज्ञाच्या हाताखाली आपला एक माणूस देत, त्यानं काम शिकून पुढं ती जागा सांभाळायची. आमच्या भट्टीवरच्या पावेल साहेबांनी नामदेवला निवडलं. संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला दोघंही जायचो. मी वह्या भरून व्याकरण उतरवत बसलो आणि हा पठ्ठ्या चुका करत करत साहेबांशी गप्पा मारायला लागला. साहेब त्याच्या डब्यातला झुणका मागून खायचे. माझ्या पोटात दुखायचं, दुसरा शब्द नाही. पुढं वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी रशियाला पाठवायला त्याचंच नाव लागलं.

तेवढ्यात चीनशी लढाई पेटली. कॅम्पात रेडिओभोवती गर्दी व्हायची, बाया अंगावरचे दागिने काढून देत होत्या. रशियाचं मात्र तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आमची भट्टी त्यांनीच उभी केलेली आणि चीन त्यांचा जुना सोबती, त्यामुळं कुणालाच दुखवायचं नव्हतं. एका सकाळी पाळीच्या तोंडावर लोकांनी पावेल साहेबांना घेरलं. सगळ्यांत पुढं मी होतो.

"इचार तुह्या साहेबाले, थे कोनाच्या बाजूनं हायेत?" मी नामदेवला म्हणालो.

त्यानं विचारलं. साहेब खाली बघत बराच वेळ बोलले. नामदेव लोकांकडं वळला. "साहेब म्हनतात, मी तुमच्याच बाजूनं हाये."

टाळ्या पडल्या. पण रशियन मलाही येत होतं. साहेब म्हणाले होते, ते माझ्या सरकारला विचारा, मला सांगता येणार नाही. माझा भाऊ लढाईत मेला, तुमची पोरं मरू नयेत एवढंच मला वाटतं. "खोटं सांगून राहिला हा!" असं ओरडून मी शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकवला. एवढ्या नाजूक दिवसांत परक्या साहेबाच्या तोंडी आपले शब्द घालतो म्हणून वरिष्ठांनी रशियाच्या यादीतून त्याचं नाव कापलं, आणि त्या जागी माझं आलं. मी देशासाठी बोललो, असं कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर मला त्याची जागा हवी होती.

"कावून केलं असं?" त्यानं खोलीवर विचारलं.

"तू कावून खोटं बोलला?"

"लोक साहेबाले मारतीन असं वाटलं मले."

काही दिवसांत रशियाचं बोलणं बदललं, विमानं देण्याच्या गोष्टी सुरू झाल्या आणि त्याच लोकांनी साहेबांना हार घातला. नामदेव हसून म्हणाला, "देश आपापलं हित पाहून बोलतेत, मन्या. त्याइच्या पायी मानसाले कायले तोडायचं?" मला तोडलं नाहीच त्यानं. त्याचाही मला रागच आला.

मी रशियाला गेलो तेव्हा पावेल साहेब तिकडं परतले होते. ते मला घ्यायला स्टेशनवर आले, दर रविवारी घरी जेवायला नेत राहिले. मी फुशारलो... शेवटी साहेबांनी माझी पारख केली तर! परत आल्यावर नामदेवला हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचो. तो मन लावून ऐकायचा, मधेच साहेबांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

परवा बुद्धविहारातली वंदना आटोपल्यावर सुमनवहिनींनी, नामदेवच्या बायकोनं, मला घरी नेलं आणि पेटीतून एक पाकीट काढलं. "भाऊजी, हे रशियाचं हाये. आता वाचनारं तुमच्याबिगर कोनी नाई."

पत्र पावेल साहेबांचं, मी तिकडं होतो त्या वर्षीचं. 'तू लिहिलंस म्हणून तुझ्या मित्राला आणायला गेलो. माझ्या मनात नव्हतं. पण तो थंडीत एकटा पडेल, असं तू म्हणालास. दर रविवारी जेवायला बोलावतो. बोलतो फार, तुझं नाव मात्र काढत नाही.'

मी एकही शब्द न गाळता वहिनींना मराठीत सांगितलं. मग त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्यापाशी. तुमच्याबद्दलच लिवलं हाये."

ते पाकीट आता माझ्या टेबलावर आहे. पत्रात सगळा मीच आहे, वरती नाव मात्र नामदेवचं... आणि खरं सांगतो, अजूनही मला त्याचा हेवा वाटतो.