पास झालेलं सीलंट

रस्त्याच्या भेगा बुजवायचं सीलंट आमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटच्या दोन ठोकळ्यांमध्ये भरून, गोठवून, यंत्रावर ताणलं जात होतं. ते रबरासारखं लांबलं, पण कडेला कुठेच सुटलं नाही.

"पास," मी म्हणाले.

माझ्या सहकारी सावंतबाईंनी त्या न सुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. अशाच सीलंटने बुजवलेल्या, पुन्हा उघडलेल्या भेगेत स्कूटरचं चाक अडकून त्यांची मुलगी पडली होती. ती अजून अंथरुणातच आहे.

"मग तिथे का सुटलं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपण ठोकळे धुऊन वाळवतो, बाई. रस्त्यावर धुळीवरच ओततात."

हे त्यांना माहीत होतं. मलाही, कितीतरी वर्षं. आमची चाचणी खोटी नसते, आणि तरीही उद्या कुणीतरी पडणारच असतं.

बाईंनी मान हलवली आणि पुढचा नमुना यंत्रात लावला.