हाकेला ओ

कर्नल घोरपडेकाकांना दाराची बेल कधी ऐकू यायची नाही, पण टेलिप्रिंटरचं एक अक्षर चुकलं तर ते आतल्या खोलीतून उठून यायचे. चंडीगढला आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "गच्चीवरच्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत. ती एरियल आहे. बाकी घर तुमचंच." घर तुमचंच हे आपलं म्हणायला.

काका सातारचे, फौजेच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले, आणि हौशी रेडिओवाले, घरबसल्या हवेतून दूरदूरच्यांशी बोलणारे. भंगारातून त्यांनी एक जुना टेलिप्रिंटर उचलून आणला होता. रेडिओतून दोन सुरांची टिवटिव यायची आणि तिची अक्षरं करून हे लोखंडी धूड कागदावर ठोकणार, असा बेत. वर्षभर त्यातलं दगड झालेलं ग्रीस रॉकेलने खरवडलं, झिजलेला गिअर डेराबस्सीच्या लेथवाल्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. काकू म्हणायच्या, "माझ्या गुडघ्यांचं एवढं केलं असतंत, तर मी कसौली चढले असते."

हे सगळं साठ्यांसाठी. नागपूरचे मेजर साठे त्यांच्या तरुणपणच्या तुकडीतले. म्हातारपणी एकदा तरी यंत्राला यंत्र जोडून बोलायचं, असं दोघांचं ठरलेलं. हेच कॉम्प्युटरवर फुकट होतं, असं मी एकदा बोलून गेले.

"त्यात माणूस कुठाय?" काका म्हणाले. "साठ्याची करंगळी मोडकी आहे. त्या बोटाचा 'ए' नेहमी उशिरा पडतो. मी डोळे मिटून ओळखीन." आणि वर त्यांचं नेहमीचं, "हवेत कुणी हाक मारली की ओ द्यायची. द्यायची नसेल तर एरियल उतरवा."

अखेर साठ्यांनी फोनवर सांगितलं, माझंही यंत्र चालू झालंय. रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आम्हालाही खाली बोलावलं. यंत्र खडखडलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, "घोरपड्या, कसा आहेस? मी मजेत." आम्ही टाळ्या वाजवल्या. काका नुसते ऐकत होते. एकही 'ए' अडखळला नव्हता.

"कॉम्प्युटर आहे हा. थापा मारतोय मला." त्यांनी टाइप केलं, "खोटारड्याशी मी बोलत नाही," आणि बटण बंद केलं. फोन दुपारपर्यंत वाजत राहिला. काकू उचलायला गेल्या तर त्यांच्या अंगावर ओरडले.

दिवाळीआधी साठे गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, काकांनी तो स्पीकरवर घेतला. कंपवाताने बाबांचे हात फार थरथरायचे, ती म्हणाली. कळ धड दाबता येईना, म्हणून एकेक ओळ कॉम्प्युटरवर जुळवून, चुका काढून मग पाठवली. 'घोरपड्याला कळू देऊ नका, बिचारा माझ्यासाठी वर्षभर खपलाय,' असं म्हणत होते.

काकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "मला सांगायचं नाही का त्याने?"

मला राहवलं नाही. "फोन वाजत होता, काका."

काकू म्हणतात, म्हाताऱ्या माणसावर राग धरू नये. मला येतो राग, काय करू? यंत्र आजही चोख चालतं म्हणे. ते कुणी लावत नाही.

परवा काका जिन्यात भेटले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कपडे गच्चीवर घालत जा आता. एरियल उतरवली मी."