वडील वारले

काल बाबांच्या दहाव्याला न्हाव्याचा वस्तरा फिरला, उघड्या टाळूला गार वारा झोंबला आणि नव्वदच्या दशकातली ती कॉम्प्युटर कॉलेजची मुलाखत आठवली.

तेव्हा माझं डोकं केमोने गुळगुळीत झालं होतं. बसमध्ये मी बाबांना विचारलं, “कॅन्सरचं सांगू का?”

“सांग की. मरणाऱ्या पोराला सीट द्यायलाच बसलेत ते,” बाबा म्हणाले. “डोक्याचं विचारलंच, तर वडील वारले म्हण.”

मुलाखतीत त्यांनी विचारलंच. मी तेच म्हणालो. सगळे हळहळले आणि प्रवेश नक्की झाला. एक सर खांद्यावर हात ठेवून मला बाहेर सोडायला आले. दाराशी बाबा माझी टोपी धरून उभे होते.

“हे कोण?” सरांनी विचारलं.

“शेजारचे काका.”

बाबांनी अदबीने हात जोडले. “गुणी पोरगा आहे हो. आज याचा बाप असायला हवा होता.”