आत्याबाईच्या डोळ्यांजोगा कॅमेरा

मारेगावला आत्याबाईच्या बैठकीत भिंतीवर दोन फ्रेम शेजारी शेजारी होत्या. एकीत आतोबा, चंदनाचा हार घातलेले, डोळे असे टक्क उघडे की खालच्या खुर्चीत बसून चहा पिणाऱ्याला साखर जास्त घेतल्याची शरम वाटावी. दुसरी त्याच मापाची, त्याच सोनेरी काठाची, आणि रिकामी. तिची काच रोज पुसलेली असायची. घरात नवीन आलेला माणूस विचारायचा, "हे कोण?" आत्याबाई म्हणायची, "मी."

आत्याबाईला तेव्हा काही झालेलं नव्हतं, आजही नाही. ती तुरीच्या बांधाने चालायला लागली की तिची सावली मागून धापा टाकत येते. पण तिला एक घोर लागला होता. आजवरच्या एकूण एक फोटोत तिचे डोळे मिटलेले. लग्नाच्या फोटोत मिटलेले, मतदान कार्डावर मिटलेले. आधार कार्डावर तर असं वाटतं की सरकारने तिची नोंद ती झोपेत असताना उरकली.

"माणूस गेलं का घरचे काय करते, मले माहीत आहे," ती मला म्हणाली. "आधार कार्ड शोधते, यवतमाळले नेते, मोठं करून आणते. म्हणजे तिकडं त्यायचे डोळे उघडे, इकडं माहे मिटलेले. मंग घर कोण पाहीन?"

"आतोबा पाहतील ना."

"त्यायनं जितेपणी नाई पाह्यलं."

उघड्या डोळ्यांचा एक फोटो काढायचं काम तिने माझ्यावर सोपवलं, ते माझी ख्याती ऐकून. पांढरकवड्याला माझं बियाण्यांचं दुकान आहे, पण तालुका मला ओळखतो तो फोटोंसाठी. कपाशीच्या एका झाडाचा फोटो मोठा करून मी दुकानाबाहेर लावला होता, तर सकाळी दोन बाया ओटी बांधून वेचायला आल्या. हे मी कुणालाही सांगतो आणि कुणीही अजून नाही म्हणालेलं नाही. दोन्ही बाया आता या तालुक्यात राहत नाहीत, एवढंच.

माझ्याकडे तेव्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून घेतलेला जुना कॅमेरा होता. वजन पाच किलो बियाण्याच्या थैलीएवढं. बटण दाबलं की असा खटका वाजायचा की आमच्याकडचे पोपट उडून थेट आदिलाबादेत उतरायचे आणि तिथले इकडे यायचे. आत्याबाईला अंगणात खुर्चीवर बसवलं, गोष्टी सांगून हसवलं, बटण दाबलं. खट. डोळे मिटलेले. चाळीस फोटो काढले. चाळीसही वेळा मिटलेले.

"तुह्या मशीनचा आवाजच असा आहे बाप्पा," आत्याबाई म्हणाली. "कोणाचेबी मिटतीन."

मलाही ते पटलं. दोष मशीनमध्ये निघाला की माणसाला बरं वाटतं. मोबाइलवर काढू म्हटलं, तर तिने हात झटकला. "फोनातला फोटो फोनातच राह्यते. फ्रेमीत नाई येत तो."

म्हणून मी यवतमाळला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस होता. इतका शांत की आधी मला वाटलं दुकान उघडं टाकून तो जेवायला गेलाय. बिनआवाजाचा कॅमेरा पाहिजे म्हटल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही फोटो कसे काढता?"

"चांगले," मी म्हणालो.

"तसं नाही. म्हणजे तुमची पद्धत?"

"मी माणसाला बोलण्यात गुंगवून टाकतो. मी बोलत असतो, तो ऐकत असतो, त्याला पत्ताही लागत नाही."

"मग बटण बोलता बोलताच दाबता?"

"अर्थात."

"मग तुम्हाला हा घ्या." त्याने एक लहानसा कॅमेरा पुढे केला. मागचा पडदा बाहेर ओढून आडवा करता येत होता. "पोटाशी धरायचा, वरून पाहायचं. चेहरा मोकळा राहतो."

मी तो हातातही घेतला नाही. पोटाशी धरून फोटो काढायला मी काय डबा खायला बसलोय? खरा फोटोग्राफर डोळा लावतो, हे मी त्याला समजावलं. बराच वेळ समजावलं. शेवटी त्याने डोळा लावायचा, बिनआवाजाचा, जाड भिंगाचा कॅमेरा बांधून दिला.

तो कॅमेरा खरोखर मुका होता. फोटो निघाला हे त्याचं त्यालाही कळत नसावं. पुन्हा अंगण, पुन्हा खुर्ची. आत्याबाईने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेलं. मी सोयाबीनच्या एका दाण्यावर घसरून सबंध बाजार समिती कशी आडवी झाली, ते सांगितलं. ती हसली. मी डोळा लावला, दाबलं. डोळे मिटलेले. पुन्हा दाबलं. मिटलेले. आवाज नाही, उजेडाचा झटका नाही, पोपट जागच्या जागी, आणि डोळे मिटलेले.

आत्याबाईने फोटो पाहिले. उठून आत गेली, फडकं आणलं आणि रिकाम्या फ्रेमची काच पुसू लागली. सकाळी तिने ती पुसलेली होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

वहिनी, म्हणजे तिची सून, दारात तांदूळ निवडत हे सगळं पाहत होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, राग नका मानू. तुम्ही चूप झाले का त्या डोळे मिटते."

"मी कधी चूप झालो?"

"फोटो काढताना. कॅमेरा डोळ्याले लावला का तुमचं तोंड बंद होते."

मला हसू आलं. माझ्यावर आजवर पुष्कळ आळ आले, पण गप्प बसल्याचा आळ कुणी घेतला नव्हता. "वहिनी, मी झोपेतही बोलतो. तुमच्या जावेला विचारा."

"झोपेत बोलत असान. इथं नाई बोलत."

"आत्याबाई, हे खरं आहे का?"

आत्याबाई फडकं हातात धरून विचारात पडली. "हाव रे," ती म्हणाली. "तू असा मोटारीवानी चालू राह्यतं, अन् मंग एकदम बंद पडतं. मले वाटते, झालं, आता काईतरी होते. आपोआप मिटते डोये."

मी घरी जाऊन जुने फोटो काढून पाहिले. दहा वर्षांचे. बारशातले, साखरपुड्यातले, पोळ्यातले. एकूण एक माणूस दात आवळून, मान आत ओढून बसलेला, जणू समोरून कुणी सुई घेऊन येतंय. पोळ्याचे बैलही. एका फोटोत तर लग्नाची अख्खी पंगत घास हातात धरून माझ्याकडे पाहत होती. मी बोलायचा थांबलो, हे त्या पंगतीत अडीचशे माणसांच्या लक्षात आलं होतं. माझ्या एकट्याच्या नाही. डोळा लावला की हात हलू नये म्हणून मी श्वास धरतो, आणि श्वास धरला की, माझी काय चूक, बोलता येत नाही.

यवतमाळच्या दुकानदाराने जाड भिंगाचा कॅमेरा परत घेतला आणि लहानसा पुढे ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

तिसऱ्या वेळी मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही, असं दाखवलं. तो पोटाशी धरला, ताटात पाहावं तसं एकदा खाली पाहून घेतलं आणि बोलणं सुरू ठेवलं. आत्याबाई लुगडं न बदलता घरच्याच पातळात खुर्चीवर बसली होती. तिची आशा सुटली होती. मी तिला परवाची हकिकत सांगत होतो. हैदराबादच्या रस्त्यावर करंजीजवळ कापसाचा ट्रक चालला होता. वाऱ्याचं असं वावधान सुटलं की कापूस फुगला, फुगला, आणि ट्रकची सगळी चाकं रस्त्यापासून वीतभर वर उचलली गेली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, बिडी पेटवली आणि थेट पांढरकवड्यापर्यंत डिझेलचा एक थेंब न जाळता आला. माझ्या दुकानासमोर ब्रेक लावून उतरला आणि मला म्हणाला...

"थांब," आत्याबाई म्हणाली. ती खुर्चीत पुढे सरकली, बोट उगारलं, एक भुवई वर गेली. "चाकं वर होते, तं ब्रेक कायले लावला? अन् लागला कसा?"

माझं तोंड चालूच होतं आणि बोटही. तेव्हा मी नेमकं काय बोलत होतो, ते मला आठवत नाही. वहिनी म्हणते, मी वाऱ्याची दिशा सांगत होतो.

तो फोटो आता त्या फ्रेममध्ये आहे. आतोबांच्या शेजारी, बोट उगारून, डोळे एवढे उघडे की आतोबांचे बारीक वाटावेत. फ्रेम टांगली तेव्हा आत्याबाई कितीतरी वेळ समोर उभी राहिली. मग खुर्चीत बसून पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, फाटकापाशी जाऊन पाहिलं.

"सगयीकडून दिसते मले," ती म्हणाली. म्हणजे तिला सगळीकडून तो फोटो दिसतो, की फोटोतल्या तिला सगळं घर, ते मी विचारलं नाही. वहिनीने मात्र त्याच दिवशी आपली खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावली.

मी गेलो की आत्याबाई चहा देते आणि विचारते, ब्रेक कसा लागला. मी सांगत नाही. उत्तर माझ्याकडे आहे, चांगलं तयार आहे. पण मध्यंतरी मी ते सांगायला तोंड उघडलं, तर भिंतीवर सहज नजर गेली, आणि मी पुन्हा एकदा गप्प झालो. शेजारी बसलेल्या आत्याबाईने डोळे मिटले. भिंतीवरचीने नाही.