फाळक्यावरचं नाव

आज ज्यांना जाऊन वर्ष झालं, त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं.

त्याआधी दीड वर्ष आम्ही रोज दुपारी एकत्र खेळत होतो. माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर 'बॉट काका' म्हणून सेव्ह होता.

ज्यांना गेममधलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉट म्हणजे माणूस नसलेला खेळाडू, कॉम्प्युटरनं चालवलेला. उघड्यावर येड्यासारखा उभा राहतो, गोळी खातो, मरतो. जो माणूस तसा खेळतो त्याला पोरं बॉट म्हणतात.

शिवीच आहे ती, सरळ सरळ.

आणि ती मी दिली होती.

मी क्लॅनचा, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीचा, लीडर. आमच्यात नावाचा नियम कडक होता. आधी एमएच २१, म्हणजे आपला जालना. पुढं मी देईन ते नाव. शहागडचा एक जण व्हेनम, दुसरा रीपर. मी स्वतः फँटम. फँटम म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं असतं तर माझी बोंबच होती. पण भारी वाटायचं.

काका धावड्याचे. मिरचीचा टेम्पो चालवायचे. मार्केटात गाडी भरेपर्यंत केबिनमध्ये बसून खेळायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माइक चालू केला.

"नमस्कार मंडळी, मी धावड्याहून..."

मी म्यूट करून टाकलं. मॅच चालू असताना नमस्कार कोण घालतं?

दोन मॅचनंतर त्यांना नाव दिलं. एमएच २१ बॉट. सगळे फिदीफिदी हसले.

काकांनी विचारलं, "लीडर, बॉट म्हंजे काय हो?"

मी म्हणालो, "म्हंजे भरवशाचा माणूस काका. मागं न हटणारा."

"अस्सं? मंग बराबर आहे."

खरं तर काका मरायचे कशानं? आमच्यातला कुणी गोळी लागून पडला की त्याला उचलायला, म्हणजे परत खेळात आणायला, धावायचे म्हणून. "थांबा लीडर, मी येऊन राह्यलो," म्हणत भर मैदानातून पळत यायचे. मला किती वेळा उचललं असेल त्यांनी, देव जाणे. त्यावरही आम्ही हसायचो.

आठवड्याभरात त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर, चकचकीत लाल रेडियममध्ये: एमएच २१ बॉट.

खाली व्हॉइस मेसेज. "रेडियमवाला म्हणला, गाडीचा नंबर दोनदा कशाला? मी म्हणलो, नंबर न्हाई बाबा, माझं नाव आहे."

तो फोटो मी ग्रुपचा डीपी केला. लाज? बिलकुल नाही. पोरांनी खाली 'लेजेंड', 'ओपी काका' असलं काय काय चेष्टेनं लिहिलं. काकांनी एकेकाला हात जोडलेलं चिन्ह पाठवलं.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी त्यांच्याच नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला. "पप्पा आज सकाळी हार्ट अटॅकने गेले. कोमल."

कोमल त्यांची मुलगी.

मी काय लिहिलं? "जीजी काका."

मॅच संपली की म्हणतात तसं. छान खेळलात. माझं बघून बाकीच्यांनीही तेच खाली लिहिलं. जीजी, जीजी, जीजी. एका पोरीचा बाप गेला होता आणि मला धड मराठीत दोन शब्द सुचले नाहीत.

संध्याकाळी तिनं श्रद्धांजलीचा फोटो टाकला. तेव्हा नाव वाचलं. उत्तम.

परवा तिचा फोन आला.

"दादा, वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करून राह्यलो. पप्पांच्या नावाखाली बॉट टाकू का? गाडीवर पण होतं."

एक सेकंद वाटलं, टाक म्हणावं. मिटलं. पण धावड्यात मोबाईल असलेलं प्रत्येक पोरगं तो फ्लेक्स वाचणार होतं. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली मी दिलेली शिवी, चौकात, हारासकट.

"कोमल, नको टाकू," मी म्हणालो. "ते नाव चांगलं न्हाई. पोरं चिडवायला म्हणतात. मी काकांना खोटं सांगितलं होतं."

ती म्हणाली, "मला माहीत आहे दादा. आमच्या कॉलेजात कोणाला माहीत न्हाई? तुम्ही सांगता का न्हाई, तेवढं बघायचं होतं."

"आणि काकांना?"

"रेडियम लावायच्या आधीच सांगितलं होतं मी. भांडले पण त्यांच्याशी."

"मंग?"

"म्हणले, मार्केटात वीस वर्षं झाली, सगळे मला 'ए टेम्पो' म्हणून बोलावतात. ह्या पोरांनी निदान एक नाव तर दिलं."

तिनंच "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

आज धावड्याला जाऊन आलो. फ्लेक्सवर फक्त त्यांचं पूर्ण नाव आहे. टेम्पो दारात उभा आहे, फाळक्यावरचं रेडियम तसंच.

काकूंनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचे?"

काकांसोबत गेम खेळायचो, म्हणालो.

"लीडर का?" त्यांचा चेहराच खुलला. "लई नाव काढायचे तुमचं. जेवल्याबिगर जाऊ नका."

खाली मान घालून जेवलो. कोमल वाढत होती, तिनं आईला काही सांगितलेलं नाही. ते मीच सांगायला पाहिजे होतं. आजही जमलं नाही.

म्हणून इथं लिहून राह्यलो. क्लॅनमधल्या सगळ्यांनी वाचा. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, काकूंसमोर बसून सांगणार आहे.

उत्तमकाका, तुम्ही पहिल्याच दिवशी नाव सांगत होतात. मी माइक बंद केला.

नमस्कार काका. मी केदारखेड्याहून संदीप बोलतोय.

चुकलो. माफ करा.