तीन बोटांचा पाय

परसात वहिनीच्या कोंबडीनं उंदराचं पिल्लू पकडलं, दोनदा आपटलं आणि अख्खं गिळलं. मग मान तिरकी करून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. पापणी खालून वर मिटली. ओल्या मातीत तिच्या तीन बोटांचे ठसे उमटले होते. असेच, पण परातीएवढे ठसे मी संग्रहालयातल्या दगडात पाहिले होते. दोन पायांवर धावणारे, पोकळ हाडांचे ते मांसखाऊ डायनासोर म्हणे संपले.

ठसे नीट पाहायला मी उकिडवा बसलो, तशी ती एक पाऊल पुढे आली.

"भावोजी, उठा आधी!" वहिनी दारातून ओरडली. "बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर टोचते ती."

मी उठलो. कोंबडीनं मान वर करत माझी उंची मापली आणि नाइलाजानं दाण्यांकडे वळली.

आमच्यात फरक उरलाय तो एवढ्या उंचीचाच.